वडील ७४ वर्षांचे झाले, आता त्यांची गाडी बंद करावी का?

तुमचे वडील ७४ वर्षांचे, कोथरूडला राहतात, अजून स्वतः कार चालवतात. भावाचं म्हणणं, म्हाताऱ्या ड्रायव्हरमुळेच अपघात होतात, किल्ली काढून घ्या. कायद्यात वयाची मर्यादा आहे का, असंही तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. "आमचं ऐकत नाहीत, तुम्ही एकदा बघून घ्या" म्हणून मुलं आईवडिलांना माझ्याकडे घेऊन येतात, त्यामुळे हा वाद चांगलाच ओळखीचा आहे.

कायद्याचं आधी. खासगी गाडीच्या लायसन्सला वयाची वरची मर्यादा नाही. पंचावन्नच्या पुढे ते एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं आणि सोबत फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरांच्या सहीचा तब्येतीचा दाखला, लागतो. ही सही पुष्कळदा ओळखीवर होते, म्हणून त्या कागदावर विसंबू नका.

आता भावाचा मुद्दा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ६६.५ टक्के १८ ते ४५ वयाची होती, आणि सर्वाधिक मृत्यूंमागे कारण होतं वेग. यावरून ज्येष्ठ मंडळी एकदम सुरक्षित, असं मात्र म्हणता येत नाही, कारण ती मुळात रस्त्यावर कमी असतात. परदेशात दर किलोमीटरमागे हिशोब करतात तेव्हा सत्तरीनंतर जीवघेण्या अपघातांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. पण त्याचा मोठा भाग असा, की ज्या धडकेत तिशीतला माणूस खरचटून उठतो, त्यात सत्तरीतल्याच्या बरगड्या मोडतात. वडिलांमुळे दुसऱ्यांना असलेल्या धोक्यापेक्षा खुद्द वडिलांना असलेला धोका मोठा आहे.

दुसरा गैरसमज बहुधा वडिलांकडून ऐकायला मिळेल: "चाळीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही." अनुभव खोटा नाही. अंतर राखणं, उगाच घाई न करणं, पिऊन न चालवणं, यात ज्येष्ठ मंडळी पोरांपेक्षा कितीतरी बरी. पण अनुभवाने मान वळत नाही. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता उजेडात असतो, तो घडाघडा वाचणारा माणूस रात्री पौड रोडला समोरून पांढरेफक्क एलईडी दिवे आले की दोन-तीन सेकंद अक्षरशः आंधळा होतो. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन पुढे ढकलू नका. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांचे अपघात न झालेल्यांच्या सुमारे निम्मे होते.

मी शेजारी बसतो तेव्हा त्यांच्या वेगाकडे फारसा बघत नाही. बघतो तो यू-टर्न. कर्वे रोडला मेट्रोच्या खांबांआडून समोरची वाहनं तुकड्या-तुकड्याने दिसतात. तिथे एकाच वेळी समोरच्या बसचा वेग जोखायचा, मागच्याचा हॉर्न कानाआड करायचा आणि डिव्हायडरला चिकटून उलट्या दिशेने येणारा स्कूटरवाला पकडायचा (तो येतोच, हे पुणे आहे). वयाबरोबर अवघड होतं ते हेच: एका क्षणात चार गोष्टी बघून ठरवणं. सरळ रस्त्यावर उत्तम चालवणारे काका तिथे अडखळतात, आणि मागचा हॉर्न वाजला की घाईने गाडी घालतात. वडिलांचं तसं होत असेल तर मार्ग बदला. पुढच्या सिग्नलला उजवीकडे वळता येत असेल तर थोडा वळसा पडला तरी चालेल.

औषधांकडे घरात कुणाचंच लक्ष नसतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. इन्शुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या घेऊन जेवण लांबलं तर गाडीतच शुगर उतरते. गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना थेट विचारा: या घेऊन गाडी चालवायची का?

आणि किल्ली काढून घेतली की प्रश्न मिटला, हा तुमच्या भावाचा गैरसमज. कारची किल्ली गेली की बरेच काका दुसऱ्या दिवशी ॲक्टिव्हा काढतात, तीही बिनहेल्मेटची. हेल्मेटशी पुणेकरांचं वैर जुनं आहे. दुचाकीवर तोल गेला तर ना पत्रा मधे असतो, ना सीटबेल्ट. पायी कर्वे रोड ओलांडणंही काही सोपं नाही. काही बंद करायचंच असेल तर आधी स्कूटर, मग रात्रीची कार, मग महामार्गावरचा, अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेला नवले पुलाकडचा उतार. दिवसाउजेडी मंडई किंवा दवाखाना शेवटपर्यंत राहू द्या. वनाजहून मेट्रो आहेच, जिथे तिने काम होतं तिथे पार्किंग शोधत फिरायचं कशाला?

गुडघा दुखतो म्हणून ऑटोमॅटिक घेणार असाल तर चांगलंच, पण आधी मोकळ्या मैदानात सराव करून घ्या. आयुष्यभर क्लच दाबलेला डावा पाय ऐनवेळी ब्रेकवर जोरात पडतो.

त्यांच्याशी भावाने बोलू नये, असं मला वाटतं. मुलाने सांगितलं की हट्ट वाढतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी किंवा शेजारी बसलेल्या परक्या माणसाने सांगितलेलं पटकन पटतं. दरम्यान लायसन्सवरची तारीख बघून ठेवा. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, आणि संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते.