बॉम्बरच्या शेपटातला गनर पॅराशूट असूनही का अडकायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानातल्या प्रत्येकाकडे पॅराशूट असायचं, मग इतके लोक विमानाबरोबर का गेले? त्यातही शेपटाकडचे गनर, म्हणजे मशीनगन चालवणारे?

पॅराशूट असायचं, पण गनरच्या अंगावर नसायचं. ब्रिटिशांच्या लँकेस्टर बॉम्बरमध्ये शेपटाच्या टोकाला एक फिरता टरेट होता. टरेट म्हणजे चार मशीनगन बसवलेला काचेरी पिंजरा. जाड कपडे घालून माणूस एकदा आत बसला की पॅराशूटला जागाच उरत नसे. ते टरेटच्या दाराबाहेर, विमानाच्या पोटात ठेवलेलं असायचं. उडी मारायची वेळ आली की मागचं दार उघडायचं, हात घालून पॅराशूट ओढायचं, छातीवर अडकवायचं, दार लावायचं, टरेट पूर्ण आडवा फिरवायचा, पुन्हा दार उघडायचं आणि पाठीवर उलटं बाहेर पडायचं. घरी बसून वाचतानाही दमायला होतं. आणि हा टरेट फिरायचा डाव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनावर चालणाऱ्या हायड्रॉलिक पंपाने. ते इंजिन गेलं की टरेट जिथे असेल तिथेच थांबायचा.

अगदी हेच एका रात्री घडलं. त्या रात्रीची हकीकत आपल्याला माहीत आहे, कारण जो मरणार हे नक्की होतं तोच वाचला.

अँड्र्यू मिनार्स्की हा कॅनडातल्या विनिपेगचा, जन्म १९१६ चा. आईवडील पोलंडहून आलेले. वडील लवकर गेले आणि घराला हातभार लावायला पोरगा कातडं कापायच्या कामाला लागला. १९४१ मध्ये तो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. इंग्लंडमध्ये मिडलटन सेंट जॉर्ज इथे ४१९ स्क्वाड्रनमध्ये तो विमानाच्या पाठीवरच्या टरेटचा गनर होता. शेपटात असायचा त्याचा जिगरी दोस्त पॅट ब्रॉफी. ब्रॉफी अफसर, मिनार्स्की हुद्द्याने खालचा. पण बाहेर भटकताना हुद्दा कोण बघतो? रात्री निरोप घेताना मिनार्स्की मुद्दाम टाच जुळवून सॅल्यूट ठोकायचा आणि म्हणायचा, "गुड नाइट, सर." दोघांमधली नेहमीची मस्करी.

१२ जून १९४४. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरून आठवडाही झाला नव्हता. फ्रान्समधल्या कांब्रे इथल्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायचे होते. या सात जणांची ही तेरावी मोहीम. उड्डाणाआधी गवतात बसले असताना मिनार्स्कीला चार पाकळ्यांचं क्लोव्हरचं पान सापडलं. तिकडे ते शुभ मानतात. त्याने ते ब्रॉफीला देऊन टाकलं.

मध्यरात्रीनंतर युंकर्स ८८ या जर्मन लढाऊ विमानाने त्यांना खालून गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली आणि दोन गनरांच्या मधोमध आग लागली. पायलट डी ब्रेनने उडीचा आदेश दिला. ब्रॉफीने पॅराशूट काढून अडकवलंही, पण टरेट थोडासा फिरला आणि अडकला. हाताने फिरवायचा दांडा होता, तो तुटून हातात आला.

मिनार्स्की तोवर विमानाच्या दाराशी पोचला होता. एक पाऊल टाकलं की बाहेर. त्याने मागे वळून काचेतून ब्रॉफीला पाहिलं आणि जळत्या हायड्रॉलिक तेलातून गुडघ्यांवर रांगत तो मागे गेला. कुऱ्हाडीने टरेटवर घाव घातले, मग नुसत्या हातांनी ओढलं. कमरेपासून खाली त्याचे कपडे पेटले होते. ब्रॉफी आतून ओरडत होता, हातवारे करून सांगत होता, जा, परत जा. शेवटी मिनार्स्की माघारी निघाला, पण मित्राकडे पाठ न करता उलटा सरकत दारापर्यंत गेला. तिथे उभा राहिला, सॅल्यूट केला, काहीतरी बोलला. आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण ते 'गुड नाइट, सर' होतं, असं ब्रॉफी पुढे सांगत असे.

त्याचं पॅराशूटही जळत होतं. तो जिवंत खाली पोचला, फ्रेंच लोकांनी त्याला उचललं, पण भाजण्याच्या जखमांनी तो थोड्याच वेळात गेला. अमियाँजवळ मेआरिकूर गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

ब्रॉफी आत बसूनच खाली आला. विमानाचा डावा पंख झाडावर आपटला, त्या झटक्याने टरेट फुटला आणि तो बाहेर फेकला गेला. वीसपैकी दोनच बॉम्ब फुटले. शुद्धीवर आला तेव्हा ब्रॉफी जिवंत होता. बाकीचे पाचही जण वाचले: दोघे जर्मनांच्या हाती लागले, तिघांना ब्रॉफीसारखंच फ्रेंच लोकांनी लपवलं. युद्धानंतर भेटले तेव्हा ब्रॉफीने मागच्या भागात काय घडलं ते सांगितलं, तोवर कुणालाच पत्ता नव्हता. ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं.

आता तुमच्या 'इतके' या शब्दाबद्दल. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख वैमानिक आणि सहकारी उडाले, त्यातले ५५,५७३ मेले. या मोजणीत फ्रान्स-जर्मनीत त्यांच्या बॉम्बखाली मेलेले लोक नाहीत. तो हिशेब वेगळा आणि फार मोठा आहे. मिनार्स्कीची गोष्ट सांगताना मला तोही डोक्यातून काढता येत नाही.

मुलगा कॅनडात मिसिसागाला असतो, म्हणून मागे हॅमिल्टनच्या संग्रहालयात जाणं झालं. जगात उडणारी लँकेस्टर दोनच उरली आहेत, त्यातलं एक तिथे आहे. त्यावर मिनार्स्कीच्या विमानाची व्हीआर-ए ही अक्षरं रंगवली आहेत. मी बराच वेळ शेपटाखाली उभा होतो. टरेट आपल्या रिक्षाच्या ड्रायव्हरच्या जागेएवढासुद्धा वाटला नाही. त्याचं दार बाहेरून कसं उघडतं, कुऱ्हाड घालायची तर नेमकी कुठे, ते मला पाहायचं होतं. पण ते दार विमानाच्या पोटात, खालून दिसत नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, पार्किंगची वेळ संपतेय," आणि आम्ही निघालो.