खुर्ची चांगली की नाही, बरोबर कोण?

प्रश्न : नमस्कार. आमच्या घरात एका खुर्चीवरून वाद चाललाय. वडील रिटायर झाल्यावर हौसेने सुतारकाम शिकले आणि त्यांनी पहिली वस्तू बनवली ती ही खुर्ची. ती डुगडुगते, अर्धा तास बसलं की पाठ भरून येते. वडील आता नाहीत. भाऊ म्हणतो ही खुर्ची चांगली नाही, काढून टाक. मी म्हणते घरातली सगळ्यात चांगली वस्तू हीच आहे. माझी कॉलेजातली मुलगी म्हणते, "आई, चांगलं-वाईट असं काही नसतंच, ज्याला जे आवडतं ते त्याच्यासाठी चांगलं, विषय संपला." मला तिचं पटत नाही पण उत्तरही देता येत नाही. आमच्यात बरोबर कोण?
– एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही आणि तुमचा भाऊ भांडताय खरं पण एकाच गोष्टीवरून भांडत नाही आहात, असं मला वाटतं.

पीटर गीच नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने 1956 साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. 'लाल गाडी' म्हटलं की त्याचे दोन तुकडे करता येतात, ती गाडी आहे आणि ती लाल आहे. गाडी म्हणजे काय हे माहीत नसलेल्यालाही तिचा लाल रंग दिसतो. 'चांगलं'चं तसं होत नाही. चांगला चोर म्हणजे चोर आहे आणि शिवाय चांगला आहे असं आपण म्हणतो का? नाही, तो चोरीत तरबेज आहे एवढंच. म्हणजे 'चांगलं' हा शब्द एकटा उभा राहत नाही, त्याच्यामागे कुठलं तरी नाम लागतं, आणि ते नाम बदललं की मोजायची पट्टीच बदलते. भाऊ 'खुर्ची' ही पट्टी धरून बोलतोय. खुर्चीचं काम बसवणं, ते तिला नीट जमत नाही, म्हणून खुर्ची म्हणून ती चांगली नाही. वाईट वाटून घेऊ नका पण इथे भाऊ बरोबर आहे, आणि ते मान्य केल्याने वडिलांचा काही अपमान होत नाही.

आता तुमचं. एक कल्पना करून बघा. एखाद्या कसलेल्या सुताराने हुबेहूब तशीच खुर्ची करून दिली, तेच लाकूड, तोच रंग, हात ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली हाताची कडसुद्धा तशीच, फक्त डुगडुग नाही आणि पाठ दुखत नाही. बदली करून घ्याल? मला खात्री आहे नाही घेणार. कामासाठी चांगली असलेली वस्तू तिच्यापेक्षा चांगली मिळाली की आपण बिनदिक्कत बदलतो, सुरी बोथट झाली आणि धार लागेना की नवी आणतो, जुनीसाठी रडत बसत नाही. पण ही खुर्ची बदलता येत नाही कारण तिचं मोल ती काय काम करते यात नाहीच, ती कोणाच्या हातून आली यात आहे. प्लेटो या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या एका संवादात चांगल्या गोष्टींचे तीन प्रकार केलेत : काही नुसत्या स्वतःसाठीच हव्याशा, जसा निरुपद्रवी आनंद, काही स्वतःसाठीही आणि त्यातून जे मिळतं त्यासाठीही, जशी दृष्टी आणि तब्येत, आणि काही फक्त फळासाठी, जसं औषध घेणं किंवा पैसा कमावणं. एरवी खुर्ची या तिसऱ्या खणातली वस्तू. तुमची मात्र या तिन्हीत नीट बसत नाही, आणि मला वाटतं वारसा, आठवण, नातं असलं सगळंच त्यात बसत नाही. म्हणून मी तिला 'चांगली खुर्ची' नाही म्हणणार, 'मोलाची' म्हणेन. तुम्हाला म्हणायचं होतं ते हेच असावं.

मुलीचं म्हणणं मात्र असं सहज सोडून देता येत नाही, ते खूप लोक म्हणतात. पण तिला हे विचारा. 'हे मला खूप आवडतं, पण काही चांगलं नाहीये' किंवा 'आहे चांगलं, मला नाही आवडत' असं तीही रोज म्हणत असेल. आवडणं आणि चांगलं असणं एकच असतं तर या वाक्यांना अर्थच उरला नसता. आपल्याकडे कठोपनिषदात श्रेयस आणि प्रेयस वेगळे काढलेत, भल्याचं एक आणि गोड वाटणारं दुसरं, आणि दोन्ही माणसापुढे येतात असं म्हटलंय. भाषेतही बघा ना, 'भलं होवो' म्हणताना आपण आवडीबद्दल बोलत नाही, 'बरं वाटतंय का' म्हणताना गुणवत्तेबद्दल नाही.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1757 च्या एका निबंधात 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीमधली एक गोष्ट सांगितलीय, तीही तिला सांगा. दोघा जणांना पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला छान आहे, फक्त किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला छान आहे पण लोखंडाची चव येते. सगळे हसले. पिंप रिकामं केल्यावर तळाशी एक जुनी किल्ली निघाली, तिला चामड्याची वादी बांधलेली. म्हणजे चव त्यांच्या जिभेवर होती खरी, पण किल्ली पिंपात होती. रुची माणसागणिक वेगळी असते यात मुलगी बरोबर आहे, पण काही जण लक्ष देऊन, सरावाने, वस्तूत जे खरंच आहे ते जास्त नीट पकडतात. तुमच्या भावालाही डुगडुग जाणवते ती खुर्चीतच आहे, त्याच्या मतात नाही.

मग करायचं काय? डुगडुगीचा पाय सपाट करून किंवा खाली पातळ पाचर ठोकून सुतार ती दुरुस्त करेल. पाठीचं दुखणं जाणार नाही कारण मागच्या टेकणीचा कोनच चुकलाय बहुतेक, आणि तो बदलायला गेलात तर वडिलांनी केलेलं काम पुसलं जाईल, तेवढं करू नका. बसायला दुसरी खुर्ची घ्या आणि ही राहू द्या. आणि भावाला एकदा शांतपणे विचारा, वडील स्वतः या खुर्चीत बसायचे का आणि बसले तर किती वेळ, मला वाटतं त्यालाही बरंच आठवेल.