भावा, नुसता राग कोण ऐकतंय?

राजकारणावरची तुझी स्टँडअप कॉमेडीची पाच मिनिटं ऐकली. राग खरा आहे, पण तो बातम्या लावल्या की फुकट मिळतोय. तू छोटं बघ. गल्लीतल्या फ्लेक्सवर साहेबांच्या वाढदिवसाचे बावीस शुभेच्छुक, त्यातला सगळ्यात धाकटा दोन वर्षांचा, तोही गॉगल घालून. खालच्या खड्ड्याला मात्र कुणाचंच नाव नाही. एवढं सांग आणि गप्प बस.

तमाशातला सोंगाड्या आठव. तो राजाला शिव्या देत नाही, हुकूम शब्दशः पाळतो, आणि तिथंच राजा उघडा पडतो. एकनाथांनी १६व्या शतकात भारुडात हेच केलं, आंधळा, बहिरा, जोशी असं सोंग घेऊन लोकांना टोचलं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही चालतंय. काकांचं फॉरवर्ड आलं की वाद नको, 'मग काका, उद्यापासून काय करायचं?' असं गंभीरपणे विचार. (माझे काका सहा महिने बोलले नाहीत, ते सोड.)

टिंगल खुर्चीवाल्याची कर, टपरीवरच्या पोराची नको. मी केली होती, हशाही आला. रात्री रंकाळ्यावर बसल्यावर लाज वाटली. डोकं फिरवणारी रोजची एक गोष्ट वहीत लिही, निम्मा ताप तिथंच उतरतोय. आणि मिसळ हाणून माईकवर येऊ नको, ढेकर नेमका पंचलाईनला येतो.