'द गिव्हर'मध्ये सगळे सुखात असताना जोनस पळून का जातो?

तुम्ही विचारलंय की 'द गिव्हर' या कादंबरीतला, जिथे भूक नाही, भांडण नाही, कुणाला दुःखच होत नाही तो समाज वाईट कसा. अगदी हेच माझ्या दादाने मला विचारलं होतं, म्हणून लिहितेय.

बाबा गेले त्या रात्री मला रडू आवरतच नव्हतं. दादाने पाणी आणि एक गोळी हातात दिली, म्हणाला घे, जरा पड, बरं वाटेल. घेतली. जाग आली तेव्हा दुपार झालेली, बाबांच्या पलंगावर धुतलेली चादर घातलेली, चष्मा घडी करून कपाटात ठेवलेला आणि त्यांना नेऊनसुद्धा झालं होतं. मला कुणी उठवलं नाही, का तर मी शांत झोपले होते म्हणे.

लॉइस लोरीची ही १९९३ची कादंबरी मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचली. त्या समाजात वाढणाऱ्या जोनस या मुलाला एका मुलीचं स्वप्न पडतं तर आई त्याला लगेच मनातली ओढ दाबणारी गोळी चालू करते, रोज सकाळी एक, आणि घरात आई-वडील दोघंही तीच घेत असतात. सोळाव्या प्रकरणात तो त्यांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का. ते हसतात, शब्द नीट वापर म्हणून सांगतात. दुसऱ्या दिवशी तो गोळी घेत नाही. तो घरातून नंतर पळतो पण माझ्या मते सुटला त्याच सकाळी, मी तिथे पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

आणि समाज वाईट कसा हे बघायचं तर त्याचा बाप बघा. क्रूर माणूस नाहीये तो, बाळांना सांभाळणारा आहे, आणि जुळ्यांतलं वजनाने कमी भरलेलं बाळ तो लाडे लाडे बोलत सुई टोचून मारतो. त्याला काही वाटतच नाही!! पुढचा नंबर बापानेच सांभाळायला घरी आणलेल्या गॅब्रिएल या बाळाचा लागतो म्हणून जोनस त्याच रात्री त्याला घेऊन निघतो. आल्डस हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या १९३२च्या कादंबरीतही 'सोमा' आहेच, वाईट वाटलं की गोळी.

दादा अजून म्हणतो तुझा त्रास वाचला. बाबांच्या शेवटच्या दर्शनाला मुकले मी, त्याला वाचणं म्हणत नाहीत. रडणाऱ्या माणसाला रडू द्यावं, त्याचं रडणं बघवत नसेल तर आपण बाहेर जावं.

हां, डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली असेल तर हे वाचून बंद करू नका, ते वेगळं. आणि दादाने ते मायेनेच केलं, तोही रात्रभर जागाच होता.

आई आहे अजून. दादा हे वाचेलच, त्याला आत्ताच सांगून ठेवते, तेव्हा मला उठवायचं.