मी जरा बसले तर देवाला चालेल का?

जानेवारी आला की चर्चच्या मंडळीत सेवा करणारी माणसं माझ्याकडे बोलायला जास्त यायला लागतात. कॅरलच्या फेऱ्या, मुलांचं नाटक, ३१ डिसेंबरची रात्रीची उपासना सगळं उरकलेलं असतं, घसा बसलेला असतो आणि घरच्यांशी महिनाभर धड बोलणं झालेलं नसतं. प्रश्न सगळ्यांचा एकच, की ताई, मी थोडे दिवस थांबले तर देवाला चालेल का? इतक्यांदा ऐकलाय की एकदा नीट लिहावं म्हटलं.

नगरच्या एका ताईंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, त्यांना विचारूनच लिहितेय). शाळेत नोकरी, रविवारी संडे स्कूल, बुधवारी महिला मंडळ, शुक्रवारी उपास-प्रार्थना, आणि मंडळीतलं कुणी ॲडमिट झालं की डबा ह्यांच्याच घरून. पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात किल्ल्यांचा जुडगा होता, हॉलची, वह्यांच्या कपाटाची, पेटी ठेवतात त्या खोलीची. तासभर तो मुठीतच, पर्समध्ये टाकलाच नाही. जायला उठल्या तेव्हा तळहातावर किल्लीचे दात उमटलेले दिसले मला.

"झोप किती होते?"

"चार-साडेचार तास. पण मी झोपेचं विचारायला नाही आले ताई. प्रार्थनेत मन लागत नाहीये, माझा विश्वास कमी झालाय का?"

इथे माझी पद्धत ठरलेली आहे. विश्वासाबद्दल बोलायच्या आधी मी शरीराचं विचारते. झोप, जेवण, हिमोग्लोबिन, थायरॉइड. पुष्कळ जणांना वाटतं आपण देवापासून लांब गेलोय आणि प्रत्यक्षात माणूस नुसता थकलेला असतो. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जायचंच, त्यात अविश्वास वगैरे काही नाही.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, बसून राहणं वाईट हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं? बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादांनी." वडील उपदेशक, खेडोपाडी सायकलवर फिरायचे, घरी आले की म्हणायचे गंजण्यापेक्षा झिजलेलं बरं. मी एवढंच म्हटलं की हे दादांचं वाक्य आहे, तुम्ही इतकी वर्षं ते प्रभूच्या आवाजात ऐकताय. मला नेहमी असंच दिसत आलंय, की थकव्याच्या तळाशी लहानपणचं एखादं वाक्य बसलेलं असतं आणि ते कोणाचं हे कळल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही.

त्या सहज मानणाऱ्या नव्हत्या. "मग पंडिता रमाबाईंनी कुठे सुट्टी घेतली?" म्हटलं, खरंय, दुष्काळातल्या मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशनचा आश्रम उभा केला, पण शेकडो जणींचं तिथलं सगळं चालू असतानाच १९०५ च्या सुरुवातीला त्याच रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बोलावलं, सत्तरेक जणी पुढे आल्या. कामं संपायची वाट बघितली असती तर तो दिवस उजाडलाच नसता.

मग बायबलमधली मार्था निघाली, ती निघतेच (येशू घरी आला तेव्हा कामात ओढली गेलेली, आणि बहीण मरिया नुसती त्याच्या पायाशी ऐकत बसलीय म्हणून तक्रार करणारी). "प्रभूने मार्थेलाच सुनावलं ना, आणि मी तर मार्थाच आहे," म्हणत रडल्या. मी योहान ११ काढून पाचवं वचन त्यांनाच वाचायला लावलं. येशूचं ज्यांच्यावर प्रेम होतं त्यात पहिलं नाव मार्थेचं आहे, मरियेचं तर नावही नाही, नुसतं तिची बहीण. आणि पुढच्या अध्यायात मार्था परत वाढतेच आहे, पण ह्या वेळी तिची कुणाबद्दल तक्रार नाही आणि तिला कोणी काही बोलतही नाही. म्हणजे स्वयंपाकाला प्रभूची हरकत कधीच नव्हती, तिच्या जिवाची जी ओढाताण चालली होती तिला होती. त्यांनी ते वचन दोनदा वाचलं.

खरं वळण मात्र पाचव्या भेटीत आलं. त्या दुपारी शाळेतून थेट आल्या, मी पाणी आणायला आत गेले आणि येऊन बघते तर खुर्चीतच झोप लागलेली, मान एका बाजूला, जुडगा मांडीवर. मी उठवलं नाही, पंखा कमी केला आणि समोर बसून राहिले. चाळीसेक मिनिटांनी दचकून उठल्या, सॉरी सॉरी करत, तुमचा वेळ घालवला म्हणत. मी चहा आणि खारी पुढे ठेवली आणि १ राजे १९ उघडून दिलं. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम केलेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतोय, आणि देव दूत पाठवतो तो भाजलेली भाकर आणि पाणी घेऊन. ना उपदेश, ना हिशोब. खाऊन एलीया परत झोपतो तरी दूत रागवत नाही, पुन्हा खायला घालतो, आणि मग चाळीस दिवसांची वाट.

त्या खारीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे मी आत्ता झोपले ते..."

वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही. इतक्या वर्षांच्या कामात त्या चाळीस मिनिटांचं मला फार समाधान आहे.

सगळ्यांनाच मी थांबा सांगते असं नाही हां. एक तरुण तीन वर्षं "देव दाखवेल तेव्हा सेवा करीन" म्हणत घरी बसला होता, त्याला मी पुढच्याच आठवड्यात वृद्धाश्रमात पाठवलं. पण दमलेल्यांना माझं सांगणं असं की विसावा हा कामाचा पगार नाहीये. उत्पत्तीत माणूस सहाव्या दिवशी घडला, म्हणजे त्याचा पहिला अख्खा दिवस विसाव्याचाच, तेव्हा त्याने काय काम केलं होतं? आणि सेवा करणाऱ्यांनो, रविवार हा तुमचा विसाव्याचा वार नसतोच, तो तुमचा सगळ्यात धावपळीचा वार असतो, म्हणून दुसरा एखादा अर्धा दिवस ठरवा आणि घरच्यांना, पाळकसाहेबांना तो आधीच सांगून टाका. एखादं काम दुसऱ्याला देताना ते आपल्याइतकं चांगलं होणार नाही हे धरूनच द्या.

ताईंनी एकच किल्ली दिली, वह्यांच्या कपाटाची, एका कॉलेजच्या मुलीला. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या) संध्याकाळी मला फोन आला. "ताई, मुलं दुसरं कडवं विसरली. मी मागच्या बाकावर होते. उठले नाही."

"मग?"

"मग काय, त्यांनी पहिलंच परत म्हटलं."