बंद दार आणि ओव्हनमधलं धोंडस

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. ऑगस्टमध्ये शाळेच्या सॉकर टीमची निवड झाली आणि यादीत त्याचं नाव आलं नाही. तीन वर्षं घाम गाळला होता पोराने. आता खोलीचं दार लावून बसतो, ताटात चिवडत राहतो. "पुढच्या वर्षी होईल रे" म्हटलं की उठून जातो. आई विचारते, त्याच्या आवडीचा केक आणून ठेवू का?

ताई, केक आणू नका. घरी काहीतरी गोड करा आणि त्याला हाताशी घ्या.

माझी लेक सोळाची असताना तिला ऑर्केस्ट्रात घेतलं नाही, तेव्हा मी तिला समोर बसवून तासभर समजावलं होतं. माझी दहावी, माझे मार्क, सगळं काढलं. ती एवढंच म्हणाली, "आई, प्लीज थांब." मला फार लागलं ते, पण तिचं खरं होतं. तिचं दुःख यंदाचं होतं आणि मी पुढच्या वर्षाचं बोलत होते. या वयाची मुलं समोरासमोर बसवलं की मिटतात. शेजारी उभी राहून हात कामात असले की बोलतात, किंवा बोलत नाहीत, पण निदान जवळ असतात.

दुसऱ्या दिवशी मी धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, लावलं. कोकणात पावसाळ्यात मोठाली तवशी, म्हणजे जाडजूड काकड्या, होतात. माझ्या आजोळी ती वाशांना टांगून ठेवलेली असत. आजी टोप चुलीवर ठेवायची आणि झाकणावरही निखारे घालायची, म्हणजे वरून-खालून सारखी आच. गोव्यात याला तवसळी म्हणतात. आपला ओव्हन तेच काम करतो. तवसं नाही मिळालं तर साधी काकडी घ्या, नाहीतर झुकिनी. ऑगस्टमध्ये शेजारीपाजारी बागेतल्या झुकिनी वाटतच असतात.

किसणी त्याच्या हातात द्या. काकडी असेल तर आधी चाखायला सांगा, कडू निघाली तर सगळं वाया जातं. दोन वाट्या कीस हवा, सुटलेल्या पाण्यासकट. ते पाणी पिळून टाकू नका. एक वाटी जाड रवा किंवा इडली रवा दोन चमचे तुपावर खमंग भाजा. दुसऱ्या पातेल्यात कीस आणि पाऊण वाटी गूळ उकळा, त्यात अर्धी वाटी ओलं खोबरं (फ्रोझन चालतं), वेलची, चिमूटभर मीठ आणि मग रवा. मिश्रण कडा सोडेपर्यंत ढवळायचं. फार कोरडं वाटलं तर थोडं गरम पाणी. ढवळायला जोर लागतो, ते काम त्याचं. तूप लावलेल्या भांड्यात थापून वर काजू लावा आणि ३५० फॅरनहाइटवर ४० ते ४५ मिनिटं ठेवा. सुरी कोरडी निघाली की झालं.

या वेळात टीमचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर ऐका, उपाय सुचवू नका. आणि एक कळकळीने सांगते: रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना ही बातमी त्याला विचारल्याशिवाय देऊ नका. तिकडून प्रेमानेच "अभ्यासाकडे लक्ष दे" असं येतं आणि त्याला दुसऱ्यांदा हरल्यासारखं वाटतं. आजीला फोन करायचाच तर धोंडसाचं प्रमाण विचारायला त्यालाच करू द्या.

गोडाने सगळं भरून येतं असं मी म्हणणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, मित्र सगळंच सुटलेलं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. "जगून काय उपयोग" असं काही त्याच्या तोंडून निघालं तर वाट बघू नका, लगेच ९८८ या मानसिक संकटातल्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करा. अमेरिकेत ही सेवा दिवसरात्र चालू असते. यात लाज कसली?

धोंडस बाहेर काढल्यावर अर्धा तास तरी कापू नका, गरम असताना भुगा होतो. तोवर त्याला वर जाऊ द्या किंवा ओट्याशी रेंगाळू द्या, त्याची मर्जी. कापाल तेव्हा कडेचा खरपूस तुकडा त्याला द्या, वर तुपाची धार सोडून. आमच्याकडे तो तुकडा अजून लेकीचाच असतो.