‘आउटलॉ’ गायकाला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: स्टर्जिल सिम्पसन हा अमेरिकन गायक नुकताच ऐकण्यात आला. त्याला ‘आउटलॉ कंट्री’ गायक म्हणतात (कंट्री ही अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेली गाण्याची शैली). मराठीत लिहिताना ‘गुन्हेगार’ तर म्हणता येत नाही, मग ‘बंडखोर’ चालेल का?

चालेल, पण पुरणार नाही. जुन्या इंग्लंडात आउटलॉ म्हणजे कायद्याचं संरक्षण काढून घेतलेला माणूस. त्याला कुणी ठार केलं तरी दाद-फिर्याद नाही. १९७०च्या दशकात हा शब्द गाण्यात आला, तेव्हा ‘कायदा’ होता कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या रेकॉर्ड कंपन्यांचा. स्टुडिओ त्यांचा, वादक त्यांचे, निर्माताही त्यांचाच. वेलन जेनिंग्ज या गायकानं १९७२मध्ये कंपनीशी नवा करार करून हे सगळं स्वतः ठरवायचा हक्क मिळवला. १९७६मध्ये तो, विली नेल्सन आणि आणखी दोघांच्या गाण्यांचा अल्बम निघाला, त्याचं मुखपृष्ठ फरारी आरोपीच्या जुन्या जाहीरनाम्यासारखं होतं. म्हणजे या आउटलॉंना कुणी हाकललेलं नव्हतं, ते आपल्या पायांनी बाहेर पडले होते.

म्हणूनच ‘गावकुसाबाहेरचा’ हा शब्द इथे वापरू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यामागे माणसांना जबरदस्तीनं बाहेर ठेवल्याचा इतिहास आहे. तो गिटारवाल्याच्या हौसेला जोडणं बरं नाही.

‘पुंड’ मला मोहात पाडतो. ‘पुंडपाळेगार’मध्ये सत्तेला न मानणारा हा अर्थ अजून जिवंत आहे. पण आज ‘पुंडाई’ म्हटलं की दांडगाईच डोळ्यांपुढे येते.

माझं मत क्रियापदाच्या बाजूनं आहे: जुमानणे. गंमत बघा, हे क्रियापद नकाराशिवाय क्वचितच भेटतं. ‘तो कुणाला जुमानतो’ असं आपण सहसा म्हणत नाही, ‘जुमानत नाही’ असंच म्हणतो. सिम्पसनला हे नेमकं बसतं. २०१७मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी नॅशव्हिलमध्ये कंट्रीचा मोठा पुरस्कार सोहळा चालू असताना हा बाहेर रस्त्यावर गिटार वाजवत उभा होता. समोर गिटारची उघडी पेटी, त्यात ते ग्रॅमी ठेवलेलं, आणि पडतील ते पैसे नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला.

तेव्हा शैलीचं नाव ‘आउटलॉ कंट्री’ असंच ठेवा, ते विशेषनाम झालंय. गायकाबद्दल मात्र ‘नॅशव्हिलला न जुमानणारा’ असं बेलाशक लिहा.